प्लॅटफॉर्म बदलले तरी बुकिंग थांबू नये: पर्यटन व्यवसायासाठी सोशल मीडियाची पद्धतशीर मांडणी

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, छोट्या व्हिडिओंचं ॲप वाइन जानेवारी २०१७ मध्ये, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली आणि वर्षानुवर्षं उभी केलेली खाती एका रात्रीत निरुपयोगी झाली. जे प्लॅटफॉर्म टिकले तेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेनुसार दिसणारी फीड काढून स्वतःची क्रमवारी आणली. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये व्यवसायांच्या पेजपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप दिलं. इन्स्टाग्रामचं मोठ्या व्हिडिओंचं आयजीटीव्ही २०१८ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये गुंडाळलं गेलं.

सहली विकणाऱ्याला याची झळ इतरांपेक्षा जास्त बसते. त्याचा ग्राहक वर्षातून एकदा-दोनदाच खरेदी करतो, आणि पहिला व्हिडिओ पाहणं ते पैसे भरणं यांत अनेक आठवडे, कधी महिने जातात. तेवढ्या काळात प्लॅटफॉर्मने नियम बदलला तर तो ग्राहक तुमच्यापर्यंत परत येतच नाही. म्हणून प्लॅटफॉर्मकडून ओळख आणि चौकशी एवढंच घ्यायचं. ग्राहकांची यादी, मूळ चित्रीकरण आणि सहलीची खरी माहिती स्वतःच्या ताब्यात ठेवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणावर उभ्या आहेत.

पायरी १: पोस्ट टाकण्याआधीची तयारी

स्वतःची वेबसाइट हवी, आणि तिच्यावर प्रत्येक सहलीचं स्वतंत्र पान हवं. दरवर्षी नवं पान करू नका. पत्ता तोच ठेवून तारखा आणि दर बदला, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओखालचा दुवाही आजच्या माहितीवर उघडेल. पानावर दिवसवार कार्यक्रम, दरात काय धरलं आहे आणि काय नाही, रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, रोज किती चालावं लागतं आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे हे स्पष्ट लिहा. पत्ता आणि डोमेन व्यवसायाच्या नावावर नोंदवा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको.

दुसरी गोष्ट चौकशी वही. साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: तारीख, नाव, फोन, ईमेल, कोणती सहल, किती माणसं आणि त्यांची वयं, कुठून कळलं, काय पाहून फोन केला, काय झालं, आणि बुकिंग झालं नसेल तर कारण. शेवटचे चार रकाने भरायचा कंटाळा केला जातो आणि नेमके तेच पुढे उपयोगी पडतात. पुढच्या सहलींची माहिती पाठवायची असेल तर त्याची परवानगी पहिल्याच संभाषणात घ्या आणि तीही नोंदवा.

तिसरी गोष्ट खात्यांची मालकी. पेज आणि जाहिरात खातं व्यवसायाच्या ईमेलवर उघडा, दोन विश्वासू माणसांना पूर्ण अधिकार द्या, दुहेरी पडताळणी चालू करा आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. बाहेरच्या एजन्सीला काम दिलं तर त्यांना तुमच्या खात्यात प्रवेश द्या. त्यांच्या खात्यातून तुमच्या जाहिराती चालल्या, तर करार संपताच आजवरची सगळी आकडेवारी त्यांच्याकडे राहते.

पायरी २: चौकशी आणि प्रवास यांतलं अंतर मोजा

केव्हा पोस्ट करायचं हे सर्वसाधारण सल्ल्यांवरून ठरवू नका, स्वतःच्या वहीवरून ठरवा. एका प्रकारच्या सहलीची मागची चाळीस-पन्नास बुकिंग घ्या. प्रत्येकाची पहिली चौकशी आणि निघण्याची तारीख यांत किती दिवस होते ते लिहा, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण वर्षभर आधी ठरवणारे दोघं-तिघं ती फुगवतात.

समजा मधला आकडा ७५ दिवस निघाला आणि सहल २० डिसेंबरला निघते. म्हणजे निम्म्या चौकशा ६ ऑक्टोबरपर्यंत येऊन गेलेल्या असतात. त्याआधी दीड महिना, साधारण २२ ऑगस्टपासून, त्या ठिकाणाची ओळख करून देणारे व्हिडिओ हवेत. ऑक्टोबरमध्ये शंका सोडवणारे, नोव्हेंबरात उरलेल्या जागा आणि तयारी. बरेच जण मात्र डिसेंबरच्या तोंडावर सुंदर दृश्यांचा मारा सुरू करतात. ते वरातीमागून घोडं ठरतं, कारण त्या लोकांची सुट्टी तोपर्यंत दुसरीकडे ठरलेली असते. छोट्या, दोन दिवसांच्या सहलींचा आकडा अगदी वेगळा येईल, म्हणून प्रत्येक प्रकाराचा हिशेब स्वतंत्र करा.

पायरी ३: सहलीवर काय चित्रित करायचं

सगळ्या कामात सर्वांत जास्त मोल याचं आहे. प्लॅटफॉर्म बदलले, लांबी बदलली, आकार बदलला, तरी चांगलं मूळ चित्रीकरण पुन्हा पुन्हा वापरता येतं.

रोज दहा ते बारा क्लिप पुरे, प्रत्येकी सहा ते आठ सेकंद. फोन उभा धरून घ्या. त्यांतले महत्त्वाचे तीन-चार देखावे आडवेही घ्या, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओला आणि वेबसाइटला लागतात. कॅमेरा फिरवायचा असेल तर आधी दोन सेकंद आणि शेवटी दोन सेकंद स्थिर धरा, नाहीतर संकलनात कापायला जागाच राहत नाही. सुरू करण्याआधी लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतात आणि उजेडाकडे पाहिल्यावर सगळं धूसर दिसतं. फोनमधलं एचडीआर व्हिडिओ (उजेड आणि रंग जास्त उठावदार करणारी सोय) बंद ठेवा, कारण काही ॲपवर चढवल्यावर त्याचे रंग फिके किंवा भगभगीत होतात.

डोंगर, समुद्र, सूर्यास्त सगळेच घेतात. ग्राहकाला पैसे भरायला तयार करणारी दृश्यं वेगळी असतात. दार उघडल्यापासून न थांबता खोली आणि बाथरूम. बसमध्ये बसल्यावर गुडघा आणि पुढची सीट यांतलं अंतर. वाहनतळापासून मुख्य जागेपर्यंतचा रस्ता चालणाऱ्याच्या नजरेतून, पायऱ्या मोजत. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तिथे किती गर्दी असते. स्वच्छतागृह कुठे आणि कसं आहे. सहलीवरचा व्यवस्थापक एखाद्या वयस्कर प्रवाशाला वाहनातून उतरायला हात देतो ते. यातलं काहीच पोस्टकार्डवर छापण्यासारखं नसतं, पण फोनवर लोक हेच विचारतात.

प्रत्येक क्लिपवर महिना लिहिलेला हवा. पावसाळ्यात भरून वाहणारा धबधबा दाखवून उन्हाळ्यातली सहल विकली की तक्रार ठरलेली. त्याच कारणाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली ठिकाणांची चित्रं वापरू नका. प्रवासी फोन पुढे धरून तोच कोपरा शोधतो, आणि तो तिथे नसतो.

फाइलचं नाव वर्ष-महिन्यापासून सुरू करा: «२०२५-११_डोंगरसहल_दिवस३_उभं_चढ_०७». अशा फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. मूळ क्लिप मजकूर आणि संगीत न चढवता जपा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक ऑफिसबाहेर. एका ॲपमध्ये तयार केलेला, त्याचा शिक्का असलेला व्हिडिओ दुसरीकडे फारसा चालत नाही. अशा पुन्हा वापरलेल्या व्हिडिओंना रील्समध्ये कमी दाखवलं जाईल हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं.

प्रवाशांचे चेहरे वापरायला त्यांची लेखी संमती घ्या. बुकिंग फॉर्मवर वेगळा चौकोन ठेवा, आधीच खूण केलेला नको. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना पुन्हा विचारा. ग्रुप ज्या हॉटेलात आहे तिथलं काहीही तो ग्रुप तिथून निघाल्यावरच टाका.

पायरी ४: एका रीलची बांधणी

एका रीलमध्ये एकच शंका सोडवा. उदाहरणार्थ ३५ सेकंदांची रील, विषय: गुडघेदुखी असलेल्याला हा चढ जमेल का?

पहिले दोन सेकंद थेट पायऱ्या, वर तोच प्रश्न मोठ्या अक्षरांत. लोगो, नमस्कार, संगीताची सुरुवात यांपैकी काहीही नको, कारण तेवढ्यात बोट वर सरकतं. दोन ते बारा सेकंद: एकूण किती पायऱ्या, किती वेळ लागतो, कठडा आहे की नाही. बारा ते बावीस: बसायला जागा कुठे, पाणी कुठे, मध्यावरून परत फिरता येतं का. बावीस ते तीस: ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी पर्याय, मग ती पालखी असो, रोप-वे असो किंवा खाली थांबण्याची सोय. शेवटचे पाच सेकंद: «घरच्या ज्येष्ठांना पाठवा. सहलीच्या तारखा बायोमधल्या दुव्यावर.»

«पाठवा» असं सांगण्यामागे कारण आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितल्याप्रमाणे, तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोस्ट पोहोचवताना लोक ती एकमेकांना किती पाठवतात याला मोठं वजन असतं. सहल घरातल्या चार जणांनी मिळून ठरवायची असल्याने असा व्हिडिओ आपसूक कौटुंबिक ग्रुपवर जातो.

आकार १०८० × १९२० पिक्सेल. मजकूर मधल्या भागात ठेवा. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटा (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी) वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि बाजूंचे ६ टक्के मोकळे ठेवायला सांगते, कारण तिथे नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. तोच नियम साध्या रीललाही लावा. आवाज बंद ठेवून पाहणारे खूप असतात, म्हणून बोललेलं सगळं अक्षरांत द्या आणि आपोआप आलेल्या मजकुरातली गावांची नावं हाताने तपासा, ती हमखास चुकतात. संगीत व्यवसायासाठी मोकळ्या असलेल्या संग्रहातलंच घ्या. वैयक्तिक खात्यावर चालणारं लोकप्रिय गाणं व्यावसायिक व्हिडिओत लावलं तर आवाज काढला जातो किंवा अख्खा व्हिडिओ उतरतो.

पायरी ५: कोणत्या ठिकाणी कोणतं काम

सगळीकडे सगळं करू नका. दोन माणसांच्या ऑफिसला एक शोधाचं ठिकाण, एक ओळखीचं आणि एक संवादाचं, एवढं पुरतं.

शोधासाठी यूट्यूब. इथला व्हिडिओ वर्ष-दोन वर्षांनीही चौकशी आणतो, कारण माणूस स्वतःहून «अमुक सहलीला किती दिवस लागतात» असं शोधत येतो. आठ-दहा मिनिटांचा एक सविस्तर व्हिडिओ प्रत्येक मुख्य सहलीसाठी करा आणि प्रकरणं पाडा: वर्णनात पहिली वेळ ०:००, किमान तीन वेळा, प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचं. शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं झाली आहे. मात्र शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि कॉमेंटमधले दुवे ऑगस्ट २०२३ पासून उघडत नाहीत. त्यामुळे शॉर्टमधून «संबंधित व्हिडिओ»च्या सोयीने मोठ्या व्हिडिओकडे न्या आणि वेबसाइटचा दुवा तिथे द्या. पिंटरेस्ट तुमच्या ग्राहकांत वापरलं जात असेल तर तेही याच कामाचं, पिन, म्हणजे तिथली चित्राची पोस्ट, थेट सहलीच्या पानाला जोडता येते.

ओळखीसाठी इन्स्टाग्राम आणि फेसबुक. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधला दुवा दाबता येत नाही. बायोत पाच दुवे देता येतात आणि स्टोरीत लिंक स्टिकर लावता येतो. हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम ठेवलेल्या स्टोरींत, तारखा, खोल्या, प्रवाशांचे अनुभव आणि नेहमीचे प्रश्न हे चारच गट ठेवा. जुने दर असलेली स्टोरी हायलाइटमध्ये राहिली तर ग्राहक तोच स्क्रीनशॉट दाखवून भांडतो, म्हणून दर चित्रात न लिहिता पानावर लिहा.

संवादासाठी व्हॉट्सॲप बिझनेस. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. पहिल्याच उत्तरासोबत कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सॲप चॅनेलवर सदस्यांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत. तिथे हजारो लोक असले तरी ती तुमची यादी नाही.

पायरी ६: चौकशी आल्यावर

कॉमेंटमध्ये कुणी दर विचारला की «मेसेज करा» असं उत्तर देणं थांबवा. दर सुरू कुठून होतो, त्यात काय धरलं आहे आणि पुढची तारीख कोणती, हे तिथेच लिहा. तोच प्रश्न मनात असलेले पण न विचारणारे बरेच असतात.

पहिलं उत्तर लहान ठेवा: «नमस्कार. माहिती देण्यासाठी तीनच गोष्टी सांगाल का? साधारण कधी जायचं आहे, किती जण आणि त्यांची वयं, आणि सहलीत कोणती गोष्ट नक्की हवी किंवा नको.» बारा पानांची पीडीएफ आधीच पाठवली तर ती उघडली जात नाही आणि संभाषण तिथेच संपतं. तीन उत्तरं आल्यावर त्या कुटुंबाला लागू असलेली एकच सहल आणि फार तर एक पर्याय सुचवा. दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा विचारा. तिसऱ्यांदा मागे लागू नका, वहीत नोंद करून पुढच्या हंगामात कळवा. पासपोर्ट किंवा ओळखपत्राचे फोटो इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये मागवू नका.

प्रत्येक ठिकाणच्या व्हॉट्सॲप दुव्यात आधीच भरलेला वेगळा मजकूर ठेवा: यूट्यूबवरून येणाऱ्यासाठी «डोंगरसहलीचा व्हिडिओ पाहिला», इन्स्टाग्रामवरून येणाऱ्यासाठी «रील पाहिली». ग्राहक काही न सांगताही तो कुठून आला ते कळतं. तरी तोंडी विचारा, कारण फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओचा माग असा लागत नाही.

पायरी ७: जाहिरात

जो व्हिडिओ जाहिरातीशिवाय चौकशा आणतो त्यालाच पैसे लावा. मेटाच्या जाहिरात यंत्रणेला स्थिरावायला एका ॲड सेटमागे (एकच बजेट आणि एकच प्रेक्षकवर्ग असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण ५० अपेक्षित कृती लागतात. सहलीची बुकिंग तेवढी होत नाहीत, म्हणून छोट्या व्यवसायाने «संभाषण सुरू होणं» हे उद्दिष्ट निवडावं आणि बजेट पाच ठिकाणी तोडू नये. रोज सेटिंग बदलल्याने यंत्रणेचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, निदान आठवडाभर हात लावू नका. जागा भरल्या की जाहिरात त्याच दिवशी थांबवा.

पायरी ८: नवं काही आलं तर

नवा प्लॅटफॉर्म किंवा नवा प्रकार आला की आपल्या व्यवसायाचं नाव तिथे लगेच नोंदवून ठेवा. त्यासाठी काही खर्च नाही. काम सुरू करण्याआधी मात्र चार प्रश्न विचारा. तिथून बाहेर दुवा देता येतो का? सहा महिन्यांनी तिथला मजकूर शोधून सापडतो का? प्रवासाचा निर्णय घेणारी, पैसे भरणारी माणसं तिथे आहेत का? आपल्या संग्रहातलं चित्रीकरण तिथे चालेल का? तीनांची उत्तरं «हो» आली तरच चाचणी घ्या.

चाचणी सहा आठवड्यांची, आठवड्याला दोन ते तीन पोस्ट, सगळ्या जुन्या संग्रहातून. लागलेले तास लिहा. एकूण चोवीस तासांच्या कामातून आठ चौकशा आल्या तर एका चौकशीला तीन तास पडले, आणि हाच आकडा जुन्या ठिकाणी किती पडतो त्याच्याशी ताडून पाहा. लगेच निकाल देऊ नका. पायरी २ मधलं अंतर ७५ दिवसांचं असेल तर पहिल्या पोस्टची फळं तिसऱ्या महिन्यात दिसतात. तोवर सेव्ह, शेअर आणि प्रोफाइलला भेटी वाढताहेत का ते पाहा, आणि ७५ दिवस उलटल्यावर वहीतल्या चौकशा पुन्हा मोजा.

महिन्याचा हिशेबही याच वहीवरून. समजा, दरीवरच्या सूर्योदयाची रील दीड लाखांनी पाहिली, चार चौकशा आल्या, बुकिंग शून्य. «सामानात काय घ्यावं» हा व्हिडिओ तीन हजारांनी पाहिला, अकरा चौकशा, तीन कुटुंबं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रकारचे व्हिडिओ वाढवायचे. विकत घेतलेले किंवा बक्षीस वाटून जमवलेले फॉलोअर नुकसानच करतात: त्यांना सहलीत रस नसतो, ते व्हिडिओ ओलांडून जातात आणि यंत्रणा तो व्हिडिओ इतरांनाही दाखवणं कमी करते.

घात कुठे होतो

सर्वांत गंभीर धोका तोतया खात्यांचा. तुमचा लोगो आणि फोटो वापरून कुणी ॲडव्हान्स गोळा करतं आणि प्रवासी ठरल्या दिवशी सामान घेऊन उभे राहतात. दर महिन्याला आपलं नाव प्रत्येक ठिकाणी शोधा. पैसे भरण्याचा अधिकृत मार्ग वेबसाइटवर आणि प्रत्येक बायोत लिहा. बनावट खातं दिसलं की तक्रार करा आणि त्याच दिवशी आपल्या सगळ्या खात्यांवर सूचना लावा. «तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला, चोवीस तासांत इथे लॉगिन करा» असे संदेश पासवर्ड चोरण्यासाठी असतात. खरी सूचना खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊनच पाहा.

नाजूक जागांचं नेमकं लोकेशन टॅग करताना विचार करा. जपानमधल्या फुजिकावागुचिको गावाने २०२४ मध्ये माउंट फुजीच्या एका व्हायरल दृश्यासमोर जाळीचा पडदा लावला, कारण फोटोसाठी रस्त्यात उतरणाऱ्या गर्दीने तिथलं जगणं अवघड केलं होतं. थायलंडचा माया बे समुद्रकिनारा २०१८ मध्ये पर्यटकांसाठी बंद करावा लागला आणि २०२२ मध्येच उघडला. जागाच बंद झाली तर विकायला सहल उरत नाही. अशा ठिकाणी फक्त प्रदेशाचं नाव द्या.

आणि ४ ऑक्टोबर २०२१ लक्षात ठेवा. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडले, कारण तिन्ही एकाच कंपनीची आहेत. चालू सहलीचा सगळा संपर्क व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर अशा वेळी पहाटे वाहन कुठे उभं आहे हेही प्रवाशांना सांगता येत नाही. म्हणून सहल व्यवस्थापकाकडे सगळ्या प्रवाशांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नंबर, हॉटेलांचे आणि चालकांचे नंबर, वैद्यकीय नोंदी आणि दिवसवार वेळा कागदावर हव्यात. हा कागद निघण्याच्या आदल्या दिवशी नव्याने छापायचा, एक प्रत ऑफिसात ठेवायची आणि सहल संपल्यावर दोन्ही फाडून टाकायच्या.